ब्रिटनचं ‘ट्रेड टॅरिफ’ आणि ई-व्हिसा : नाशिकला बसून, एजंटाशिवाय जमतं का?

द्राक्षाचा हंगाम जवळ आला की पिंपळगाव, ओझर, दिंडोरी पट्ट्यात ‘यूकेचं सगळं करून देतो’ म्हणणारे सल्लागार उगवतात. कॉलेज रोडला तसेच व्हिसावाले. दोघंही जे विकतात त्यातला बराचसा भाग ब्रिटिश सरकारच्या दोन ऑनलाइन सेवांवर फुकट मिळतो. एक ‘ट्रेड टॅरिफ’, म्हणजे कोणत्या मालावर किती ड्यूटी आणि कोणते कागद हे सांगणारी साइट. दुसरी यूकेव्हीआयचं (ब्रिटनच्या व्हिसा विभागाचं) खातं, म्हणजे तिथे राहणाऱ्या परदेशी माणसाचा राहण्याचा हक्क दाखवणारा ई-व्हिसा. निकाल आधीच सांगतो : पहिलीला पाचपैकी साडेचार, दुसरीला तीन. पहिली स्वतः वापरता येते आणि वापरावीच. दुसरी चालते छान, पण नाव किंवा पासपोर्ट बदललेला नसेल तोवरच.

या दोन्हींची गरज पडली ती ब्रेक्झिटमुळे. ब्रिटन ३१ जानेवारी २०२० ला युरोपियन युनियनमधून बाहेर पडलं, पण बागाइतदाराच्या कामाची तारीख ३१ डिसेंबर २०२० ही. त्या दिवशी संक्रमणकाळ संपला आणि दुसऱ्या दिवसापासून नेदरलँड्सचं रॉटरडॅम आणि इंग्लंडचं फेलिक्स्टो ही दोन बंदरं म्हणजे दोन वेगळी गिऱ्हाइकं झाली. कस्टम वेगळं, कोड वेगळा, रेसिड्यूची (फळावर उरणाऱ्या औषधाच्या अंशाची) यादी वेगळी, लेबलवरचा पत्ता वेगळा. त्यातही उत्तर आयर्लंड मालाच्या बाबतीत बरंचसं युरोपच्या नियमांवर चालतं. म्हणून बेलफास्टला जाणाऱ्या मालासाठी या साइटवर वेगळी बाजू आहे. ती न उघडता नेहमीच्या पानावरचा दर धरला तर आकडा चुकू शकतो.

आधी टॅरिफ. शोधाच्या चौकटीत द्राक्षं टाकली की ०८०६ मथळा येतो, त्याखाली ताजी द्राक्षं ०८०६ १०, त्याखाली खाण्याची द्राक्षं. इथेच पहिली गडबड होते. आपल्या शिपिंग बिलावर आठ आकडी ०८०६१००० असतो. जगभर सारखे असतात ते फक्त पहिले सहा आकडे, पुढचे प्रत्येक देश आपापले ठरवतो. ब्रिटनला दहा आकडी कोड लागतो. भारतीय कोडला दोन शून्यं जोडून इन्व्हॉइसवर छापणं हा शॉर्टकट सर्रास चालतो आणि मग तिकडचा आयातदार मेल करून विचारत बसतो. कोड यादीतूनच उचला आणि आयातदाराकडून मंजूर करून घ्या. डिक्लरेशन तोच भरणार, जबाबदारीही त्याचीच.

दुसरं, तारीख. पानावर आजची तारीख आपोआप येते. द्राक्षाचा दर वर्षभर एकच नसतो. तिकडचा उन्हाळी हंगाम आला की तो चढतो. म्हणून कंटेनर भरायची नव्हे, माल तिकडे कस्टममध्ये दाखल होईल ती तारीख टाकायची. तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांनंतर, २०२३ च्या अखेरीपासून, बरीच जहाजं केप ऑफ गुड होपला वळसा घालून जातात आणि प्रवास आठवडा-दोन आठवड्यांनी लांबतो. जानेवारी-मार्चच्या मालाला याने दरात फरक पडत नाही, पण उशिराच्या छाटणीचा माल असेल तर ही तारीख नीट पाहावी.

तिसरं, देश. भारत निवडला की सगळ्यांसाठीचा सर्वसाधारण दर आणि त्याखाली सवलतीचा दर दिसतो. युरोपची जीएसपी, म्हणजे विकसनशील देशांना ड्यूटीत सवलत देणारी योजना, सोडल्यावर ब्रिटनने १९ जून २०२३ पासून स्वतःची तशीच डीसीटीएस योजना सुरू केली. भारताला तिच्या ‘स्टँडर्ड’ गटात धरलं. शिवाय २४ जुलै २०२५ ला भारत-ब्रिटन व्यापार करारावर सह्या झाल्या. यावर व्हॉट्सअॅप ग्रुपांत ‘ड्यूटी शून्य झाली’ अशा पोस्टी फिरल्या. सही झाली म्हणजे दर बदलला असं नसतं. करार अमलात आल्याची तारीख आणि तुमच्या ओळीतला आकडा या दोनच गोष्टी खऱ्या, आणि दोन्ही याच पानावर, तारखेसकट मिळतात. एवढ्यासाठीच ही साइट आम्हाला आवडते. बातमीपेक्षा ती भरवशाची.

सवलत दिसते म्हणून मिळते असंही नाही. ‘रूल्स ऑफ ओरिजिन’ (माल मूळचा कुठला हे ठरवणारे नियम) असा वेगळा टॅब आहे, तो उघडा. द्राक्षाला नियम सोपा : वेलीवर भारतातच पिकलेली असली पाहिजेत. अडचण पुराव्याच्या कागदाची. युरोपला सवलत मागताना आपण रेक्स नंबर (निर्यातदाराचा नोंदणी क्रमांक) आणि त्याबरोबरचं विधान इन्व्हॉइसवर देतो. सहा हजार युरोंच्या वरच्या मालाला तो नंबर लागतोच. ब्रिटनने रेक्स ठेवलेलं नाही. डीसीटीएसमध्ये फॉर्म ए किंवा इन्व्हॉइसवरचं त्यांच्या मजकुराचं घोषणापत्र चालतं, आणि फॉर्म ए वर इकडच्या कार्यालयाचा शिक्का असलाच पाहिजे असं नाही. बऱ्याच पॅकहाऊसमध्ये मात्र युरोपचाच नमुना कॉपी-पेस्ट होऊन ब्रिटनला जातो, आणि आयातदाराला पूर्ण दर भरून नंतर परताव्यामागे लागावं लागतं. व्यापार करार लागू झाला की त्याचा मजकूर पुन्हा वेगळा. इन्व्हॉइसचे साचे देशागणिक वेगळे ठेवा. संगणकावर नाव बदलून सेव्ह करायला खर्च येत नाही.

आता सगळ्यात महागडा भाग : रॉटरडॅममार्गे ब्रिटन. २०२१ च्या आधी नेदरलँड्समध्ये कंटेनर सोडवला, ड्यूटी भरली, माल पाहिला, आणि अर्धे पॅलेट ट्रकने इंग्लंडला धाडले तरी कुणी विचारत नसे. आज तेच केलं तर ड्यूटी दोनदा. ब्रिटन आणि युनियनच्या करारात शून्य ड्यूटी आहे, पण ती त्यांच्या-त्यांच्याकडे पिकलेल्या किंवा बनलेल्या मालाला. दिंडोरीचं द्राक्ष हॉलंडमध्ये चार दिवस शीतगृहात राहिलं म्हणून डच होत नाही. समजा निम्म्या कंटेनरची किंमत वीस लाख आणि दोन्हीकडचा दर आठ टक्के धरला, तर नेदरलँड्सला एक लाख साठ हजार आणि ब्रिटनला पुन्हा तेवढेच.

यावर उपाय आहे, आणि तो कंटेनर निघायच्या आधी ठरवावा लागतो. ब्रिटनचा हिस्सा रॉटरडॅमला सोडवायचाच नाही. कस्टमच्या ताब्यात ठेवून टी-१ ट्रान्झिटवर, म्हणजे वाटेत ड्यूटी न भरता, पुढे न्यायचा. ब्रिटन ट्रान्झिटच्या सामाईक व्यवस्थेत स्वतंत्रपणे सामील आहे, त्यामुळे हा रस्ता उघडा आहे. मात्र टी-१ ला हमी लागते, ती तिकडचा फॉरवर्डर (माल पोचवण्याची व्यवस्था करणारा) देतो आणि त्याचे पैसे घेतो. सवलतीचा दर टिकवायचा तर वाटेत मालाला कस्टमच्या नजरेआड हात लागता कामा नये. पनेट (द्राक्षाचे छोटे डबे) बदलणं, पुन्हा पॅकिंग करणं यात सवलत जाऊ शकते. फायटोसॅनिटरी सर्टिफिकेटवरही (माल कीड-रोगमुक्त असल्याच्या सरकारी दाखल्यावर) शेवटचा देश बरोबर हवा. ‘नेदरलँड्स’ लिहिलेल्या सर्टिफिकेटवर इंग्लंडचा इन्स्पेक्टर समाधानी होणार नाही. मग डच यंत्रणेकडून पुनर्निर्यातीचं सर्टिफिकेट काढा, मूळ जोडा, आणि तोवर माल शीतगृहात. उणे अर्धा ते शून्य अंशावर ठेवलेलं द्राक्षही तारखा मोजत असतं : देठ तपकिरी होतात, आतलं सल्फरचं पॅड संपत येतं.

ट्रेड टॅरिफ हे सगळं सांगतं का? ड्यूटीचं सांगतं, कागदांचे क्रमांक सांगतं. फायटोला एन८५१, मालाच्या दर्जाच्या सर्टिफिकेटला एन००२, असे. खाण्याचं द्राक्ष ब्रिटनच्या विशेष दर्जा-मानक असलेल्या दहा फळं-भाज्यांत मोडतं, म्हणून हा दुसरा कागद. पण ट्रान्झिटची शक्कल साइट सुचवत नाही. ते तिचं कामही नाही. इथे खरा सीएचए (कस्टम एजंट) आणि तिकडचा फॉरवर्डर पैसे वसूल करून देतात. ‘तुमचा एचएस कोड शोधून देतो’ म्हणून पैसे मागणारा आणि हा, यांत फरक करा. आयईसीची (आयात-निर्यात कोडची) सरकारी फी पाचशे रुपये आहे; त्याचे पाच हजार कुणी सांगितले तर बाकीचे साडेचार हजार कशाचे हे विचारायला हरकत नाही.

अर्धा तारा कापला तो रेसिड्यूसाठी. टॅरिफच्या पानावर औषधांच्या मर्यादा नाहीत. त्या ब्रिटनच्या एचएसई या सरकारी संस्थेच्या वेगळ्या यादीत आहेत आणि युरोपच्या त्यांच्या डेटाबेसमध्ये. १ जानेवारी २०२१ ला दोन्ही याद्या जवळपास एकच होत्या. त्यानंतर युरोपने काही औषधांच्या मर्यादा खाली आणल्या, ब्रिटनने आपापल्या गतीने निर्णय घेतले. याद्या फाकत चालल्या आहेत. ज्या औषधाला मर्यादाच ठरवलेली नाही त्याला दोन्हीकडे ०.०१ मिलिग्रॅम प्रति किलो. २०१० चा क्लोरमेक्वाटचा, म्हणजे वेलीची वाढ रोखणाऱ्या सीसीसीचा, फटका (त्याच्या अंशामुळे युरोपात माल अडला तो) ज्यांनी सोसला त्यांना हा आकडा समजावून सांगावा लागत नाही.

व्यवहारात नियम सरळ आहे : दोन यादींतली कडक मर्यादा धरून औषधं मारायची. ऑक्टोबरच्या गोड्या छाटणीला कुणालाच ठाऊक नसतं की या प्लॉटचा माल शेवटी कुठे जाणार. मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची शिफारस यादी आणि पीएचआयचे (शेवटच्या फवारणीपासून काढणीपर्यंतचे) दिवस हा पाया. अपेडा या केंद्राच्या कृषी-निर्यात संस्थेच्या ग्रेपनेटवरची प्लॉट नोंदणी, लॅबचा नमुना, अॅगमार्क आणि फायटो ही साखळी दोन्ही देशांना तीच. वर सुपरमार्केटचं स्वतःचं माप असतं. ते कायद्याहून कडक आणि कुठल्याच सरकारी साइटवर नाही. आयातदाराकडून लेखी मागवा, तोंडी नको.

लेबलचं एक बारीक कलम. १ जानेवारी २०२४ पासून ग्रेट ब्रिटनमध्ये विकायच्या पॅकबंद खाद्यपदार्थावर तिथला पत्ता हवा. नुसता युरोपातला आयातदार चालत नाही. पाचशे ग्रॅमच्या पनेटवरची फिल्म रोलच्या रोल छापून घेतात. नेदरलँड्सचा पत्ता छापलेला रोल उरलाय म्हणून तो ब्रिटनच्या ऑर्डरला लावायचा मोह टाळा. नंतर स्टिकर लावायला तिकडे मजुरीचा दर पौंडांत असतो.

वाइनवाल्यांना ब्रेक्झिटने थोडं दिलं, थोडं काढून घेतलं. दिलं हे, की युरोपला लागतं ते व्हीआय-१ विश्लेषण सर्टिफिकेट ब्रिटनने १ जानेवारी २०२२ पासून बंद केलं. छोट्या लॉटला हा मोठाच दिलासा, कारण तपासणीचा खर्च पाच पेट्यांना आणि पाचशे पेट्यांना जवळपास सारखाच. काढून घेतलं ते अबकारीत. ऑगस्ट २०२३ पासून कर अल्कोहोलच्या प्रमाणावर लागतो, आणि ११.५ ते १४.५ टक्क्यांच्या वाइनला सरसकट एकच कर धरायची सवलत जानेवारी २०२५ अखेर संपली. आता दशांशावर कर बदलतो. फेब्रुवारी २०२५ चा दर शुद्ध अल्कोहोलच्या लिटरला २९.५४ पौंड होता. ७५० मिलीची बाटली १३ टक्क्यांची असेल तर २.८८ पौंड, १२.५ ची असेल तर २.७७. वर वीस टक्के व्हॅट. ताज्या द्राक्षावर व्हॅट शून्य, वाइनला पूर्ण. टॅरिफच्या पानावर ड्यूटी, व्हॅट, अबकारी वेगवेगळ्या ओळींत दिसतात. नुसती पहिली ओळ पाहून किंमत कळवू नका. नाशिकच्या उन्हात साखर चढते आणि तिच्यामागे अल्कोहोल, तेव्हा काढणी कधी करायची या निर्णयात आता हा हिशेबही आला.

अंबड-सातपूरच्या इलेक्ट्रिकल आणि मशिनरीवाल्यांसाठी थोडक्यात : यूकेसीए या ब्रिटनच्या स्वतःच्या सुरक्षा-चिन्हाची भीती घालून नवं टेस्टिंग विकणारे अजून भेटतात. ब्रिटनने ऑगस्ट २०२३ मध्ये जाहीर केलं की बहुतेक मालाला युरोपचं सीई चिन्ह मुदतीशिवाय चालेल. वैद्यकीय उपकरणं आणि बांधकाम साहित्य यांचे नियम वेगळे, ते स्वतंत्र पाहा.

आता दुसरी सेवा. मुलगा लेस्टरला, सून पोर्तुगीज पासपोर्टची, किंवा भाचीचा नवरा पोलंडचा, अशी घरं नाशिकला आता नवलाची नाहीत. युनियनच्या नागरिकांना ब्रिटनमध्ये राहायला पूर्वी काहीच लागत नसे. ३१ डिसेंबर २०२० पर्यंत तिथे राहणाऱ्यांसाठी सेटलमेंट स्कीम काढली, मुदत ३० जून २०२१. पाच वर्षं झाली असतील तर ‘सेटल्ड’, म्हणजे कायमचा हक्क, नसतील तर ‘प्री-सेटल्ड’, म्हणजे मुदतीचा. अर्ज फुकट. उशिराचा अर्ज अजून करता येतो, पण ऑगस्ट २०२३ पासून कारण पटलं तरच तो पुढे सरकतो. नातं ३१ डिसेंबर २०२० च्या आधीचं असेल तर नाशिकमधला जोडीदार या योजनेतल्या फॅमिली परमिटवर जाऊ शकतो, तोही फुकट. कॉलेज रोडवर याची फी सांगितली तर ती फक्त फॉर्म भरायची आहे हे समजून द्या. नंतर आलेल्या युरोपीय माणसाला मात्र आपल्यासारखाच व्हिसा, आपल्यासारखाच वर्षाला १,०३५ पौंडांचा आरोग्य अधिभार. पोलंडचा असो की पंचवटीचा, रांग एकच.

ही ओळख कागदावर नाही. कार्ड नाही, शिक्का नाही. आपल्या लोकांची बीआरपी, म्हणजे राहण्याच्या परवान्याची, कार्डंही ३१ डिसेंबर २०२४ ला संपली; सगळे ई-व्हिसावर. नोकरी किंवा घर हवं असेल तर खात्यात लॉगिन करून शेअर कोड काढायचा : नऊ अक्षरांचा, नव्वद दिवस चालणारा. नोकरीचा डब्ल्यूने सुरू होतो, भाड्याच्या घराचा आरने, बाकी कामांचा एसने. घरमालकाला डब्ल्यूचा कोड दिला तर चालत नाही. मालक तो कोड आणि जन्मतारीख आपल्या बाजूने सरकारी पानावर टाकतो. उमेदवाराने दाखवलेला स्क्रीनशॉट हा पुरावा नव्हे, आणि फेब्रुवारी २०२४ पासून बेकायदा कामगारामागे पहिल्या खेपेचा दंड ४५,००० पौंडांपर्यंत आहे. म्हणून छोटी हॉटेलं आणि किराणावाले ‘कार्ड दाखव’ म्हणून अडतात. भीती समजण्यासारखी आहे, पण मागणी चूक. असं कार्ड आता निघतच नाही.

सेवा लंगडते ती नावावर. मराठी बाईचा पासपोर्ट लग्नानंतर नवा झाला की आडनाव तर बदलतंच, मधलं वडिलांचं नाव जाऊन नवऱ्याचं येतं, काही घरांत पहिलं नावही. ई-व्हिसा पासपोर्टच्या नंबराला बांधलेला असतो. नवा पासपोर्ट खात्यात चढवला नाही तर विमानकंपनीच्या तपासणीत ‘नोंद नाही’ येतं आणि मुंबईच्या काउंटरवर अडकायला होतं. क्रम असा ठेवा : नवा पासपोर्ट हाती आला की त्याच आठवड्यात खात्यात नंबर बदला, नाव बदललं असेल तर विवाह नोंदणीचा दाखला इंग्रजी प्रतीसह जोडा, बदल मंजूर झाल्याचा मेल आल्यावरच तिकीट काढा, आणि जुना पासपोर्ट बरोबर न्या. खात्याचा ईमेल आणि मोबाइल चालू ठेवा. इकडे सिम बंद पडलं की लॉगिनचा कोड येत नाही, आणि खातं परत मिळवणं हे या सेवेचं सगळ्यात कंटाळवाणं पान आहे. पाचातले दोन तारे गेले ते याच दोन कारणांनी.

प्री-सेटल्डवाल्यांनी इकडे आई-वडिलांच्या आजारपणात किती राहिलो याचा हिशेब ठेवावा. मूळ नियम बारा महिन्यांत सहा महिन्यांहून जास्त बाहेर नको असा. जुलै २०२५ पासून गेल्या साठ महिन्यांत एकूण तीस महिने ब्रिटनमध्ये काढले असतील तरी सेटल्ड मिळू शकतं. बोर्डिंग पास, बँकेचं स्टेटमेंट, पगाराच्या स्लिपा जपा. सेटल्डसाठीचा दुसरा अर्ज विसरला म्हणून हक्क जाणं बेकायदा आहे असं लंडनच्या हाय कोर्टाने डिसेंबर २०२२ मध्ये ठरवलं, त्यानंतर मुदत आपोआप वाढवून मिळते; तरी कायमचं ते कायमचं.

हॉटेल मॅनेजमेंटच्या मुलांसाठी : ब्रिटनमधल्या स्वयंपाकघरांत युरोपातून येणारे हात कमी झाले हे खरं, त्यावरून ‘शेफचा व्हिसा’ विकणं खोटं. २२ जुलै २०२५ पासून स्किल्ड वर्करसाठी काम पदवीच्या पातळीचं आणि पगार साधारणपणे ४१,७०० पौंड लागतो. शेफचं काम त्या पातळीत बसत नाही. केअर वर्करची परदेशातून भरतीही त्याच दिवशी बंद झाली. नर्सला रस्ता उघडा आहे. आणि युरोप-ब्रिटन एकाच व्हिसावर फिरता येत होतं, ब्रेक्झिटने ते गेलं, असं सांगणाऱ्याकडून काही विकत घेऊ नका. ब्रिटन शेंगेनमध्ये, म्हणजे युरोपच्या सामाईक व्हिसाच्या गटात, कधी नव्हतंच.

दोन्ही सेवा इंग्रजीत आहेत. टॅरिफच्या पानाचा दुवा पाठवताना त्यावर निवडलेली तारीख आणि देश लिहून, स्क्रीनशॉटसकट पाठवा, म्हणजे आयातदार आणि तुम्ही एकाच ओळीबद्दल बोलता. फोन करायचा झालाच, तर लंडनचं कार्यालय सकाळी नऊला उघडतं असं धरून नाशिकला दुपारचे अडीच. मार्चच्या शेवटच्या रविवारी त्यांची घड्याळं पुढे सरकली की दीड.